साताऱ्यात रणगाडा करू नये

प्लास्टिकचा रणगाडा करायचाच असेल तर माणसानं पुण्यात करावा, नाशकात करावा. तिथं लोक येतात, "वा, काय बारीक काम आहे!" म्हणतात, चहा पितात आणि जातात. साताऱ्यात तसं नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथं निघाली. जवळच्या अपशिंग्याला सगळा जिल्हा 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखतो. आमच्या गल्लीत तर घरटी एक फौजी, आणि तोही पेन्शनवर, म्हणजे दिवसभर मोकळा. इथं रणगाड्याचं कौतुक होत नाही. इन्स्पेक्शन होतं.

माझा रणगाडा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर, आणि तोही १:१६ प्रमाणातला. एरवी ही मॉडेलं १:३५ असतात आणि शोकेसमध्ये गपगुमान मावतात. (हे ३५चं प्रमाणही गमतीचं आहे. जपानच्या तामिया कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं तेव्हा आत मोटर आणि सेल बसले पाहिजेत म्हणून मापं धरली. पुढं तेच प्रमाण जगानं उचललं.) खरा टायगर तोफेसकट ८.४५ मीटर लांब. त्याला १६नं भागलं की जवळपास ५३ सेंटिमीटर होतात. तो जेवणाच्या टेबलावर ठेवला की चौथ्या माणसाला ताट मांडीवर घेऊन बसावं लागतं. चौथा माणूस कोण, हे आमच्या घरात मतदानानं ठरलं आणि तीन विरुद्ध एक असं ठरलं.

पहिली हरकत आली ती रणगाड्याच्या जातीवर. "जर्मनांचा कशापायी?" कोपऱ्यावरच्या आबांनी विचारलं. "माझं चुलतं इटलीत ह्यांच्या गोळ्या खाऊन आलं." हरकत रास्त होती. मराठा पलटणी इटलीत जर्मनांशीच लढल्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथंच मिळाले. मी म्हटलं, "आबा, शत्रू किती मोठा होता ते कळायला नको?" आबा गप्प बसले, पण पटलं म्हणून नव्हे. ते घरी जाऊन रिसालदार साहेबांना पाठवायच्या विचारात होते.

रिसालदार साहेब समोर राहतात. नोकरी सगळी रणगाड्यांवर. टी-५५चे ड्रायव्हर म्हणून सुरुवात, मग कमांडर, आणि शेवटी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअरच्या शाळेत उस्ताद. ते आले तेव्हा मी चाकं घासत होतो. टायगरच्या चाकांबद्दल सांगायलाच हवं. एका बाजूला आठ आस, प्रत्येक आसावर तीन चाकं, म्हणजे एका बाजूला २४ आणि दोन्हीकडची मिळून ४८. तीही एकमेकांत कोबीच्या पानांसारखी गुंतलेली. प्रत्येक चाकाच्या कडेला साच्याची बारीक शीर असते, ती पॉलिश पेपरनं घासायची. मग चाक पिवळं, त्यावरची रबराची धाव काळपट, आणि दोन्हीच्या मधली रेघ हात न हलवता. एवढं करून बसवली की आतली चाकं बाहेरच्यांच्या मागं कायमची झाकली जातात.

"आतल्या चाकाचं रबर गेलं तर?" रिसालदार साहेबांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"आधी बाहेरची काढावी लागायची."

"आणि चिखल?"

"रशियात रात्री चाकांच्या मधे चिखल गोठायचा. सकाळी गाडी जागची हलायची नाही."

ते खुर्ची ओढून बसले. "आमच्या टी-५५ला एका बाजूला पाच चाकं. पाच! मास्तर, हे ज्यानं काढलं ना, त्याला एका रात्री पाना हातात देऊन ह्याच्याखाली घालायला पाहिजे होता." त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. वेळ ठरलेली, संध्याकाळी सहा. आमच्याकडे तिला मेंटेनन्स परेड म्हणायला लागले.

बारीक भागांचा जाच वेगळाच. चिमट्यात धरलेला दोन मिलिमीटरचा आकडा टुणकन उडतो आणि फरशीवर पडल्याचा आवाजही होत नाही. मग मोबाइलची बॅटरी लावून आडवं पडून शोधायचं. आमच्या कामाच्या मावशींना मी एकदा सांगितलं की केर टाकण्याआधी काही दिसलं तर ठेवा. तेव्हापासून त्या रोज एक पुडी देतात. पुडीत मोहरी, पेन्सिलीचं टोक, तुटलेलं बटण, कुणाचं तरी नख. "दादा, ह्यातलं तुमचं कंचं त्ये तुमीच हुडका." आणि खरं सांगतो, रणगाड्याच्या मागच्या झाकणावर आज जो खिळा दिसतो तो मुळात मोहरी आहे. रिसालदार साहेबांच्याही लक्षात आलेलं नाही.

रंगकाम नेमकं श्रावणात आलं. साताऱ्याच्या पावसात लॅकरचा फवारा मारू नये. त्यातलं द्रावक झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून मी अ‍ॅक्रिलिक रंग घेतले. ते वाळेपर्यंत सासूबाईंचे पापडही वाळतात. फवाऱ्याला हवा लागते, हवेला कंप्रेसर, आणि कंप्रेसर बाल्कनीत. तो घरघरायला लागला की गल्लीतली पोरं सायकली घेऊन खाली उभी. "सर, मागच्या चाकात मारा की!" यांना किती समजावलं की एअरब्रशला जेमतेम १५-२० पीएसआय एवढाच हवेचा दाब लागतो, त्यानं तुमची सायकल फुगणार नाही. एकानं तर दहाची नोट पुढं केली.

त्यातच झिमेरिट उपटलं. शत्रूनं चुंबकाचे सुरुंग चिकटवू नयेत म्हणून जर्मनांनी १९४३ पासून रणगाड्यांवर एक खरबरीत लेप थापायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी स्वतःच बंद केली. मॉडेलवर तो पुट्टीनं करायचा, ओली असतानाच बारीक रेघा ओढत. मी ते करत असताना सौ. मागं येऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"लेप आहे. म्हणजे साधारण गिलावा."

तिनं बेडरूमच्या भिंतीकडे पाहिलं. तिथला पोपडा गेल्या पावसाळ्यातच पडलाय. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बोलायचं काम लेकीनं केलं. ती मोबाइलवर टायगरची माहिती वाचत होती. "बाबा, जर्मनांनी १९४२ ते ४४ मधे असे १,३४७ टायगर बनवले." मग टेबलाकडे बघून म्हणाली, "आणि त्यांच्यावर वरनं बॉम्ब पडत होते."

पिवळ्या रंगावर हिरवे-तांबडे पट्टे मारताना मात्र मी निर्धास्त होतो. कारण कारखान्यातून गाडी गडद पिवळी यायची आणि हिरव्या-तांबड्या रंगाची घट्ट पेस्ट डब्यातून मिळायची. पलटणीतली पोरं ती पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये कालवून मनाला येईल तशी फवारायची. त्यामुळं एक टायगर दुसऱ्यासारखा नाही आणि माझा पट्टा चुकला असं म्हणायची कुणाची टाप नाही. हे मी रिसालदार साहेबांना विजयी मुद्रेनं सांगितलं. ते म्हणाले, "असं असंल तर महिनाभर पुस्तकात काय बघत होता?"

गाडी पूर्ण झाली. झळाळत होती. जर्मन सैन्याची खूण असलेल्या क्रॉसच्या चिकटपट्ट्या पाण्यात भिजवून जागच्या जागी बसल्या होत्या. साहेब चष्मा पुसून गोल फिरले आणि म्हणाले, "इतका स्वच्छ टँक फक्त २६ जानेवारीला असतो."

घाण करणं हा तर या छंदाचा कळस. स्पंजच्या तुकड्यानं पोचे आणि खरचटे, तेलाचे ओघळ, एक्झॉस्टवर गंज, आणि शेवटी चिखल. चिखल मी विकत घेत नाही. भूगोल शिकवतो, माती ओळखतो. यवतेश्वर-कासकडची तांबडी जांभ्याची माती रशियन आघाडीला चालणार नाही. युक्रेनची चेर्नोझेम काळी, तशी दिसणारी आपली कोरेगावकडची रेगूर. आता चेर्नोझेम काळी होते गवताच्या कुजण्यानं आणि रेगूर बसाल्टपासून, पण १:१६ प्रमाणात एवढा फरक माफ असावा. माती वाळवली, कुटली आणि मैद्याच्या चाळणीनं चाळली. ती मैद्याची होती हे मला ठाऊक होतं. सौ.ला ठाऊक झालं संध्याकाळी, शंकरपाळ्यांच्या वेळी. पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून मी ती चाकांत भरत होतो आणि ती दारातून म्हणत होती, "माणसं घाण झालेलं धुतात. तुम्ही धुतलेलं घाण करताय." रिसालदार साहेबांनी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. "वहिनी, अर्धी नोकरी आम्ही दगडांना गेरू-चुना लावण्यात काढली. त्यापेक्षा हे काम इमानदारीचं."

मग गणपती तोंडावर आले आणि मंडळाची पोरं जिन्यात. त्यांना टँक देखाव्याला हवा होता. "सर, तो क्रॉस तेवढा पुसू, तिरंगा लावू. लांबनं कोण बघतंय?"

मी तोंड उघडायच्या आत रिसालदार साहेब उठले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "दुश्मनाच्या टँकवर तिरंगा? कुठल्या शाळेत गेला होतास रे? ६५ ला खेमकरणला आपल्या लोकांनी पाकिस्तानचे पॅटन टँक पकडले, ते पॅटन म्हणूनच ठेवलेत. हा पण पकडलेला दाखवा. नळी खाली. क्रॉस तसाच." आणि त्यांनी स्वतः, बोटाच्या टोकानं, माझ्या टायगरची नळी हळूच खाली केली. ती खाली झाली, हे माझ्या जोडणीचं यश. पण श्रेय त्यांनी घेतलं.

पोरं टँक ताटात ठेवून, वर छत्री धरून घेऊन गेली. जाताना एकजण वळला. "सर, पुढल्या साली विमान करा. मोठ्ठं. आतनं धूर निघाया पायजे."

"विमानातलं मला काही कळत नाही," रिसालदार साहेब चपला घालत म्हणाले. "पण शाहूपुरीत एक एअरफोर्सचा वॉरंट ऑफिसर आहे, रिटायर होऊन रिकामा बसलाय. उद्याच पाठवून देतो."