एलिस बेटावर नावं बदलली जात नव्हती
अमेरिकेत गेलेल्या ज्यू पूर्वजांचा माग कसा काढावा, यावरचा लेख आवडला, पण न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या, म्हणजे जहाजाने आलेल्या स्थलांतरितांची तपासणी होई त्या ठाण्यावरच्या, कारकुनांनी ज्यू स्थलांतरितांची आडनावं बदलून टाकली, हे विधान मात्र खटकलं. ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे शोध घेणारे भलत्याच दिशेला जातात. प्रवाशांची यादी जहाज कंपनीचे लोक हॅम्बुर्ग, रॉटरडॅमसारख्या बंदरातच तयार करत. एलिस बेटावरचे अधिकारी त्याच यादीवरून माणसं तपासत, सोबतीला यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) जाणणारे दुभाषेही असत. नाव बदललं ते बहुतेकांनी स्वतःच, पुढे अमेरिकेत रुळताना.

म्हणून माझं सांगणं, आधी अमेरिकन नागरिकत्वाचे कागद शोधा. १९०६च्या कायद्यानंतरच्या अर्जांत जन्मगाव, जहाजाचं नाव, आल्याची तारीख असं बरंच काही सापडतं. तिथून मागे जहाजाच्या यादीकडे जायचं. १९०७ नंतरच्या यादीत तर मायदेशी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ताही विचारलेला असतो. नेमकं गाव कळल्याशिवाय पोलंड-लिथुआनियातल्या जन्म-विवाहाच्या नोंदींना हात घालता येत नाही, त्यामुळे हा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्या घरांतलं मागे राहिलेलं कुणीच नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारामुळे १९४५ नंतर उरलं नाही, त्यांच्यासाठी तर फारच.

आणि कबरीचा दगड विसरू नका! त्यावरच्या हिब्रू मजकुरात बहुधा वडिलांचं नाव असतं, म्हणजे आणखी एक पिढी हाती लागते.