गळ्यात माळ, हातात गळ

पावसाळा सुरू झाला की आमच्या पैठणकडं माणसं एकमेकांना ‘बरंय का’ विचारत नाहीत, ‘नाथसागर किती टक्के?’ असं विचारतात. पाऊस पडतो नाशकात आणि हरखतो आम्ही. जायकवाडी धरणाचे 27 दरवाजे, 102 टीएमसी, आज आवक किती क्युसेक, हे सगळं टपरीवर चहाचे ग्लास विसळणारं पोरगंही न अडखळता सांगतं. धरण भरायला लागलं की शेतकऱ्याला ऊस दिसतो, संभाजीनगरवाल्याला नळ दिसतो. मला रोहू दिसतो.

मी गणिताचा मास्तर. गळ टाकायचं वेड शाळेत असल्यापासूनचं. वेड लागायला माझी हरकत नव्हती, पण ते चुकीच्या घरात लागलं. आमचं घर वारकऱ्याचं. आजोबा, वडील, आई, सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. नाथषष्ठीला दिंड्या यायच्या आणि ओसरीत पंगती उठायच्या. अशा घरातलं धाकटं पोरगं तंगुसाचा दोरा आणि गळ घेऊन तलावाकडं निघालं की आई देवघराकडं तोंड करून म्हणायची, “पांडुरंगा, याच्याकडं बघू नको.” मी माळ घातली नाही. माळ घालून मासे धरलेस तर पाप दुप्पट लागेल, हे आईनंच सांगून ठेवलंय.

बरं, मी मासे खातही नाही. पकडतो, तोंडातला गळ काढतो आणि परत सोडतो. इंग्लंडात म्हणे लोक महागड्या रॉडनं कार्प धरतात, ओल्या गादीवर निजवून त्याचं वजन करतात, फोटो काढतात आणि जपून पाण्यात सोडतात. तिथं याला खेळ म्हणतात. आमच्या गावात याला काय म्हणावं, ते अजून ठरलेलं नाही. माळकरी म्हणतात, “मुक्या जिवाला छळतो.” मटणवाले म्हणतात, “हातातलं कालवण पाण्यात सोडतो.” गावातली ही दोन्ही माणसं एका पारावर सहसा बसत नाहीत, माझा विषय निघाला की मात्र शेजारी शेजारी बसतात.

आमचा तलाव म्हणजे 1972 च्या दुष्काळातला पाझर तलाव. त्याच्यावर माती वाहिलेली, सुकडी खाल्लेली माणसं अजून गावात आहेत आणि प्रत्येकाच्या मते भरावाचा भक्कम भाग त्यानंच घातला. नाथसागराला टक्केवारी असते, आमच्या तलावाला नसते. त्यात पाणी ‘हाय’ किंवा ‘न्हाय’. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला गेलं, तेव्हा आमच्याकडं ‘न्हाय’ होतं. तरीही आमची मंडळी संध्याकाळी बाभळीखाली जमायचीच. समोर भेगाळलेला गाळ आणि आम्ही त्याच्याकडं तोंड करून ओळीनं बसलेलो. सुनांना वाटायचं, म्हातारे बिघडले. त्यात मी म्हातारा नव्हतो, पण ओळीत बसल्यावर कोण मोजतंय.

मंडळी म्हणजे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणतात. दुसरे चाचा, शिलाई मशीनवाले. तिसरा मोबाईल दुरुस्तीवाला पोरगा, त्याला मासे लागतात आणि म्हणून तो कोणाला आवडत नाही. आणि मी. मामांनी आयुष्यभर वेळेवर गाडी सोडली, त्यामुळं मासाही वेळेवर यावा असं त्यांना वाटतं. साडेपाचला नाही लागला तर ते पाण्याकडं लेट झालेल्या गाडीसारखं बघतात. चाचा उलटे. “सर, सबर करो. मछली को भी घर के काम रहते.”

तलाव ठेक्यानं मच्छीमार संस्थेकडं आहे. बोटुकली तेच सोडतात, त्यामुळं आतला प्रत्येक मासा त्यांचा. चेअरमननी आम्हाला परवानगी दिली ती अटीवर: सोडायचा असेल तर फुकट, न्यायचा असेल तर बाजारभावानं वजन करून. बोटुकली येते तो दिवस मला पोळ्याइतका प्रिय आहे. टेम्पोतून प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या उतरतात, आत पाणी आणि ऑक्सिजन, आणि त्यात बोटाएवढे रोहू, कटला, मृगळ. पिशवी आधी तशीच तलावात तरंगत ठेवतात, दोन्ही पाण्यांची ऊब जुळली की मगच तोंड सोडतात.

एकदा आईनं विचारलं, “दरसाल इकत कामून आणायचे? त्यांना लेकरं होत नाहीत का?” मी मास्तरकीवर आलो. सांगितलं की हे नदीचे मासे, पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. साठलेल्या तलावात अंगात अंडी असली तरी ते घालत नाहीत. मग 1957 साली, 10 जुलैला, हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञानं माशाच्याच मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क माशाला टोचून त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. तेव्हापासून तळ्यातळ्यात रोहू-कटला पोचले. तो दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे इंजेक्शनाचं बाळंतपण, वर आईबापाचा पत्ता नाही, आणि अशा अनाथाच्या तोंडात तू काटा घालतोस.”

याच्यावर उत्तर नसतं. पण खरा घोटाळा झाला तो गवत्यामुळं. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, मोठा झाला की पाणवनस्पती आणि गवत खाऊन जगतो, हे मी बोलून गेलो. आईचे डोळे चमकले. “किडामुंगी खात नाही?” म्हटलं, नाही. “मग तो माळकरीच की रे!” तेव्हापासून माझ्या गळाला काही लागलं असं कळलं की ती आधी विचारते, “आपल्यातला होता का?”

आता आमिषाचं. मोबाईलवाल्या पोरानं मला इंग्लंडातल्या बोयलींचा व्हिडिओ दाखवला. पिठाच्या कडक उकडलेल्या गोळ्या, लहान मासे त्या कुरतडू शकत नाहीत, त्यामुळं मोठा कार्पच येतो. डोकं चांगलं आहे, पण कृतीची सुरुवातच अशी की सहा अंडी फोडा. आमच्या स्वयंपाकघरात अंडं फोडायचं तर आधी मला घर फोडावं लागेल. मग मी ज्वारीचं पीठ, थोडा मैदा, शेंगदाण्याच्या पेंडीचा भुगा, गूळ आणि बडीशेप असा घाट घातला. घट्ट मळून गोळा झाकून ठेवला आणि शाळेत गेलो. परत आलो तर बायकोनं त्याचे शेंगोळे करून लसणाची फोडणी दिलेली. “अहो, पीठ छान मळलं होतं तुम्ही. गूळ जरा जास्त पडला.” घरात सगळ्यांनी जेवण केलं होतं. आई म्हणाली, रोजच मळत जा.

खरा छळ मात्र काठावर असतो. काठीच्या टोकाला बैलाच्या गोंड्यातलं घुंगरू बांधून मी बसलो की पाचव्या मिनिटाला भरावावरून मोटारसायकल थांबते. “काय करू राहिले सर?” हातात काठी, पाण्यात तंगूस. काय करत असेल माणूस? “लागलं का काही?” नाही म्हटलं की, “इथं नाही लागत. त्या अंगाला लागतो.” त्या अंगाला जाऊन बसलं की दुसरा येऊन या अंगाकडं बोट दाखवतो. “काल एकाला दहा किलोचा लागला होता.” तो काल कधी असतो आणि तो एक कोण, हे गावात कोणालाच सांगता येत नाही. मग तो पायताण काढून शेजारी बसतो, तंबाखू मळतो आणि कापसाच्या भावावर येतो. मासा कंटाळून जातो. मलाही जावंसं वाटतं, पण बसायला आधी मीच आलेलो असतो.

तलावातल्या माशांत सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, परका असला तरी माझा लाडका. ओठाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन मिशा, आणि तोंड असं की पुढं नळीसारखं लांब करतो, तळाचा गाळ आमिषासकट आत ओढतो, चाखतो, आणि नको असेल तर थुंकून टाकतो. जबड्यात दात नाहीत, दात घशात. एकदा गळ काढताना तो माझ्या तळहातावर तसाच ओठ लांबवून हवा चोखत होता आणि ज्वारीची गोळी त्यानं माझ्या अंगठ्यावर अलगद काढून ठेवली. मळलेल्या पिठाबद्दल घराबाहेर मिळालेला तेवढाच अभिप्राय.

कटला वरच्या थरात फिरतो, वर वळलेल्या तोंडानं पाणी गाळून खातो. तो झटका देत नाही, घुंगरू नुसतं एकदा वाजून गप्प होतं. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ते तसं वाजलं, आणि नेमकी त्या दिवशी भरावावर जत्रा. अर्धा तास त्यानं मला काठावरून इकडून तिकडं फिरवलं. मामा “ढील द्या, ढील द्या” ओरडत होते, चाचा पायजमा गुडघ्यापर्यंत घेऊन पाण्यात उतरले. जाळीत आला तेव्हा डोकंच हातभर. मागं गर्दीत वाटे पडायलाही लागले होते. “डोकं मला.” “मधला तुकडा पाटलाच्या घरी.” एकजण मसाला आणायला निघालाही. मी ओल्या पोत्यावर ठेवून काट्याला लावला, आठ किलो भरला, आणि पाण्यात सोडला.

गलका असा झाला की पलीकडची बगळ्यांची रांग उडाली. मसालेवाला तर माझ्याशी अजून बोलत नाही. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आई हिशोबालाच बसलेली. “धरलास ते पाप, सोडलास ते पुण्य. झालं शून्य.” गणिताच्या मास्तराला हे कबूल करावंच लागतं. पण ती थांबली नाही. “एकादशीला सोडलं तर पुण्य जास्त असतं. त्या दिवशी जात जा.”

संध्याकाळी चेअरमन आले. हातात वही. “सर, आठ किलो झाला म्हणे?” मी म्हटलं, “सोडला ना पण.” “सोडला ते बरोबर. पण काट्याला लागला म्हणजे वजन झालं. वजन झालं म्हणजे वहीत आलं.” मी अट आठवून दिली: सोडला तर फुकट. त्यांनी डोकं खाजवलं, आणि सर, कटला, आठ किलो असं लिहून पुढं ‘उधार’ मांडलं. मासा तलावात, पण माझ्या नावावर.

आता तो उद्या मोबाईलवाल्या पोराच्या गळाला लागला तर पैसे कोणी द्यायचे, यावरून बाभळीखाली मामांचं आणि चाचांचं रोज भांडण चालतं. मामा म्हणतात, तिकीट ज्याचं त्याचंच. चाचा म्हणतात, पण आठ किलोचा तो साडेआठचा झाला असेल, तर वरच्या अर्ध्या किलोचं बोला.