एका मार्काने नापास

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (आपला फुटबॉल नाही, तो हेल्मेटवाला, लांबट बॉलचा) कोचला हॉल ऑफ फेममध्ये जायचं तर इतकी वर्षं नियम होता, किमान ६० टक्के मॅचेस जिंकलेल्या पाहिजेत. माइक लीच नावाच्या कोचचे विजय १५८, पराभव १०७, म्हणजे ५९.६ टक्के. हरलेली एक, फक्त एक मॅच जिंकला असता तर बरोबर ६० भरले असते! गणितात ३४ पडलेल्याला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही, मला तर नाहीच.

मुळात हा बाबा स्वतः कॉलेजात फुटबॉल खेळलेलाच नाही. लॉची डिग्री घेतली आणि वकिली सोडून कोचिंगला लागला, १९८९ मध्ये तर फिनलंडला जाऊन एका क्लबला शिकवून आला. मग आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात हॅल मम्मीच्या (आडनाव आहे, हसू नका) हाताखाली 'एअर रेड' जमवलं. म्हणजे काय तर बॉल घेऊन माणसांच्या ढिगात घुसत बसायचं नाही, पोरं मैदानभर पसरवायची आणि फेकत सुटायचं. प्ले (म्हणजे ठरवलेल्या चाली) मोजकेच, पण रोज तेच तेच घोटायचे. रियाज म्हणा ना.

आणि टीम्स मिळाल्या त्या टेक्सास टेक, वॉशिंग्टन स्टेट, मिसिसिपी स्टेट. भारीतली पोरं शेजारच्या मोठ्या कॉलेजांनी आधीच उचललेली, उरलेल्यांवर याचं दुकान. तिथले ५९.६ आणि बड्या कॉलेजातले ६० एकाच तराजूत?

१ नोव्हेंबर २००८ला मी लबकला (टेक्सास टेकचं गाव, तेव्हा कोच लीचच) एमएस करत होतो, भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, रूममेटने स्टेडियमला ओढत नेलं. समोर नंबर एकची टेक्सास, तेही एका पॉइंटने पुढे. आमच्या हॅरेलने फेकला, क्रॅबट्रीने पार साइडलाइनला पकडला, दोघांच्या तावडीतून सुटला आणि टचडाऊन, घड्याळात एक सेकंद शिल्लक! ३९-३३. मला नियम निम्मेच कळत होते पण घसा दोन दिवस बसलेला.

तो संत होता असं नाही. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला वाईट वागवल्याच्या आरोपावरून २००९च्या शेवटी टेकने काढलं, त्याने आरोप नाकारला, कोर्टात गेला. पुढे २०१८ला वॉशिंग्टन स्टेटला ११ मॅचेस जिंकून दिल्या, त्या कॉलेजचा रेकॉर्ड.

डिसेंबर २०२२ मध्ये गेला, ६१व्या वर्षी, मिसिसिपी स्टेटच्या नोकरीवर असतानाच. आता २०२७पासून ती अट ५९.५ केलीय. ग्रेस मार्क द्यायला इतकी वर्षं!

तो गेल्यावर मिसिसिपी स्टेटची पहिली मॅच इलिनॉयशी. पहिल्याच प्लेला पोरं एअर रेडच्या फॉर्मेशनमध्ये उभी राहिली आणि बॉल खेळलाच नाही, प्लेसाठीचा वेळ संपू दिला, मुद्दाम पेनल्टी (म्हणजे इलिनॉयला फायदा) ओढवून घेतली. इलिनॉयने ती नाकारली.