जत्रेच्या पत्रिकेवर शेवटची गाडी छापा

आई पहाटे एसटीत बसली की रात्री घरी येईपर्यंत पाणी पीत नाही. हे मला मागच्या चैत्रात कळलं. ती त्रेसष्ट वर्षांची आहे आणि मी इतकी वर्षं तिची लेक असून मला ते माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. म्हणून आज लिहायला बसले.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. जत्रा म्हणजे आमच्याकडे वर्षाचा कणा. फाल्गुनात रंगपंचमीला वाईजवळ बावधनचं बगाड, चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाचं लग्न आणि मुंगी घाटातून वर चढणाऱ्या कावडी, चैत्री पौर्णिमेला जोतिबा, पौषात पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न आणि मांढरदेवला काळूबाई. या सगळ्या जत्रांची नावं आईच्या तोंडी लहानपणापासून ऐकत आले. पण आईनं साठीपर्यंत त्यातल्या दोनच पाहिल्या होत्या. एक माहेरची आणि एक सासरची. बाकीच्या जत्रा वडिलांनी आणि चुलत्यांनी पाहिल्या, आणि त्यांनी आणलेली गोडीशेव आणि बत्तासे आईनं सगळ्यांना वाटले.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. या दोन तारखा आमच्या आळीतल्या बायकांना पाठ आहेत. कारण त्यानंतर आई, शेजारच्या दोन काकू, एक आक्का आणि शून्य रुपयांच्या तिकिटावर येणाऱ्या आजी अशी पाच जणींची एक टोळीच तयार झाली. तीन वर्षांत त्यांनी राहिलेल्या जत्रा एकेक करून केल्या. जोतिबाला जाऊन आल्यावर आईच्या पातळाचा गुलाल दोन धुण्यांतही निघाला नव्हता. ती ते पातळ मुद्दाम बाहेरच्या दोरीवर वाळत घालायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावं म्हणून. सासनकाठ्या नाचवताना बघितल्या तेव्हाचं सांगताना तिचे हात अजूनही वर जातात.

'बायका उगाच हिंडायला लागल्या' हे वाक्य पारावर, लग्नात, आणि इथे फेसबुकवरही मी शंभरदा वाचलं-ऐकलं असेल. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला कारणाशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता. देव हे एकच कारण असं होतं, ज्याला सासूलाही नाही म्हणता यायचं नाही. तरी पैसे कुणाकडे मागायचे, हा प्रश्न उरायचाच. अर्ध्या तिकिटानं तो प्रश्न सोडवला. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तरी अर्ध्या तिकिटामुळे आईची टोळी थांबली नाही. आणि हिंडल्या तर हिंडल्या. पुरुष इतकी वर्षं जत्रेत कुस्त्या आणि तमाशा बघायला जात होतेच की. त्याला कुणी उगाच म्हटलं नाही.

पण तिकीट अर्धं झालं आणि जत्रा मात्र होती तशीच राहिली.

मागच्या वर्षी मी पहिल्यांदा या पाच जणींबरोबर एका जत्रेला गेले. जाताना काही अडचण आली नाही. जादा गाड्या होत्या, वाहक प्रत्येकीला 'मावशी, सांभाळून' म्हणत वर घेत होता. दर्शन झालं, आजींनी नातीला बांगड्या घेतल्या, काकूंनी पोळपाट घेतलं. (जत्रेतलंच पोळपाट का, ते त्यांनाच विचारा. त्यांचं उत्तर फार मोठं आहे.) उन्हात चार तास झाले तेव्हा मी आईपुढे पाण्याची बाटली धरली. तिनं मान हलवली.

"तहान नाही लागली?"

"लागती की. पर पाणी प्यालं की जागा शोधत हिंडायचं. त्यापरीस न पिल्यालं बरं."

मी बाकीच्या चौघींकडे पाहिलं. कुणीच प्यायली नव्हती. आजी तर आदल्या रात्रीपासून बेतानं पीत होत्या. तिथे चारचाकीसाठी दोन मोठी रानं वाहनतळ म्हणून आखली होती, दोरी बांधून, पांढरी फक्की मारून. बायकांसाठी आडोसा विचारला तर एकानं उसाकडे बोट केलं.

परतीला अंधार पडला. गाड्या किती वाजेपर्यंत आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन गाड्या खच्चून भरून आल्या आणि न थांबता गेल्या. चालकाला मी दोष देत नाही, त्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही रस्त्याच्या कडेला साडेनऊपर्यंत बसलो. दिवा नाही, शेड नाही. आजींना गुंगी येत होती. शेवटी गावातल्या एकाचा टेंपो आला आणि त्या पोळपाटासकट आम्ही घरी पोहोचलो.

गर्दीचं नियोजन म्हटलं की आपल्याला चेंगराचेंगरी आठवते, आणि ते बरोबरच आहे. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवला चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त माणसं जिवानिशी गेली, आमच्या भागातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण आजही निघते. त्यानंतर दर्शनाच्या रांगा, पोलीस बंदोबस्त, रुग्णवाहिका यांचा विचार होऊ लागला. पण तो विचार देवळाभोवतीच थांबतो. रांगेत उभं राहायच्या आधी आणि नंतर एसटीनं आलेलं माणूस कुठे बसतं, कुठे जातं, कसं परततं, हे कुणी मोजत नाही. जत्रेची निम्मी तरी माणसं अशी एसटीची वाट बघत रस्त्याच्या कडेला असतात असं मला दिसतं, आणि त्यातल्या बायका आता दरवर्षी वाढताहेत.

आमच्याकडे गावोगावच्या जत्रा कमिटीच्या बैठका होळीच्या आसपास सुरू होतात. मग पत्रिका छापली जाते. तिच्यावर पालखीची, छबिन्याची म्हणजे देवाच्या रात्रीच्या मिरवणुकीची वेळ असते, कुस्त्यांचे इनाम असतात, तमाशाचं नाव ठळक असतं, आणि खाली देणगीदारांची शंभर नावं. माझी मागणी तेवढ्याच पत्रिकेपुरती आहे. आगाराशी आधी बोला, जादा गाड्या रात्रीपर्यंत मागून घ्या, आणि शेवटची गाडी किती वाजता, कुठून सुटते ते छबिन्याच्या वेळेखाली छापा. बायकांसाठी ताडपत्रीचा का होईना आडोसा, पाण्याचं पिंप आणि एक दिवा करा, आणि तो कुठे आहे तेही छापा. दोन ओळींची जागा लागेल.

तुमच्यापैकी कुणी कमिटीत असेल तर यंदाच्या बैठकीत हा विषय काढा. आमच्या गावच्या बैठकीला मी जाणार आहे. आईही येते म्हणाली.