घोरणं लपवा म्हणे!

‘वजन जास्त असेल तर पूर्ण भूल घेऊच नका, माणूस उठत नाही,’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला. पुढच्या आठवड्यात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. रात्री सीपॅपचा (हवेच्या दाबाने झोपेत घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा) मास्क लावून झोपते, एक जिना चढली की धापा टाकते. सख्खी भाची भूलतज्ज्ञ, पण विश्वास कशावर? तर व्हॉट्सॲपवर.

त्यातला सगळ्यात घातक सल्ला असा: ‘घोरणं म्हणजे गाढ झोप. डॉक्टरांना सांगू नका, उगाच तपासण्या वाढवतात.’ अहो, ज्याचा घसा झोपेत मिटतो त्याचा भुलेत मिटणारच! त्यात पोटाच्या भाराने फुफ्फुसं दबलेली, म्हणजे ऑक्सिजनचा साठाही तुटपुंजा. आधी भरपूर ऑक्सिजन देऊनही श्वास थांबल्यावर निरोगी, सडपातळ माणसात पातळी घसरायला सहा-आठ मिनिटं लागतात. अतिलठ्ठ माणसात जेमतेम तीन. श्वासाची नळी घशातून घालायला हाताशी वेळ तेवढाच. घोरणं आधी कळलं तर टेपने मानेचा घेर मोजतो, ४० सेंमीच्या वर गेला की सावध होतो. खांद्या-डोक्याखाली चादरींच्या घड्या रचून कानाचं भोक छातीच्या हाडावरच्या खळगीच्या पातळीत आणतो. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात कॅमेऱ्याने बघायचं उपकरण, तयार असतो. फारच अवघड दिसलं तर रुग्ण जागा असतानाच घसा बधिर करून दुर्बिणीवरून नळी घालतो. लपवलंत तर यातलं निम्मं ऐनवेळी शोधत बसायचं.

धोका जास्त असतो, हे मात्र खरं. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय पाहणीच्या, २०११ च्या नॅप-४ अहवालात श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटना २२,००० भुलींमागे साधारण एक निघाल्या. लठ्ठांत धोका दुप्पट, अतिलठ्ठांत चौपट. पण त्याच अहवालाने बोट ठेवलं ते अपुऱ्या पूर्वतपासणीवर आणि पहिला बेत फसला तर पुढे काय, हे न ठरवण्यावर. म्हणजे मेसेज जे टाळायला सांगतो, नेमक्या त्यावरच!

‘कमरेतलंच इंजेक्शन मागा,’ म्हणजे फक्त खालचं अंग बधिर, माणूस जागा. पायाच्या ऑपरेशनला आम्हीही आधी तेच बघतो. पण मावशीचं ऑपरेशन दुर्बिणीचं, त्यात पोटात गॅस भरतात. जिला नुसतं आडवं पडून दम लागतो, तिला जागं ठेवून हे करायचं?

‘सकाळी हळद-दूध घ्या, नळी अलगद सरकते.’ दूध जठरात जातं हो! भुलेत उलटून फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

‘दात पडतात, आवाज जातो.’ घसा एक-दोन दिवस खवखवतो; आवाज कायमचा जाणं फार विरळा. दात क्वचित दुखावतो, म्हणून हलणारा दात, कवळी जे असेल ते सांगा. आणि सीपॅपचं मशीन घरी ठेवू नका, ऑपरेशननंतर वॉर्डात लागतं.