लष्कराच्या भाकऱ्या, गंगेकाठी

गेल्या सोमवारी सकाळी दूध घेण्यासाठी दार उघडले, तेव्हा फाटकाच्या कडीला तीन पिशव्या लटकत होत्या. त्यांपैकी एक दुधाची होती. उरलेल्या दोहोंत कोणाच्या तरी घरच्या सत्यनारायणाचे निर्माल्य होते आणि पिशवीत न मावलेले केळीचे खुंट फाटकाला शिस्तीत टेकवून ठेवलेले होते. सोबत वहीच्या कागदावर चिठ्ठी होती : ‘काका, गंगेत टाकू नका, असे तुम्हीच म्हणाला होता.’ मी ती दोनदा वाचली. तिच्यात हरकत घेण्यासारखे एकही अक्षर नव्हते.

नाशिकचा माणूस गोदावरीला गंगा म्हणतो. मीही जन्मभर ‘गंगेवर जाऊन येतो’ असे सांगूनच घराबाहेर पडत आलो आणि पूर्वी वेळेवर परतही येत असे. तीन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झालो, डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले आणि त्यासाठी मी नदीकाठची एक छोटी बाग निवडली. इथवर माझे काहीही चुकले नव्हते. चूक घडली ती एका सकाळी, जेव्हा बाकाखाली पडलेली वेफर्सची तीन रिकामी पाकिटे मी वाकून उचलली. बाकावर बसलेल्या दोघा गृहस्थांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणखी पाकिटे कोठे कोठे पडली आहेत, ते बोट करून दाखवले. तिसऱ्या दिवशी मी यायला उशीर केला, म्हणून त्यांनी घड्याळ पाहिले.

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. त्यांपैकी अंदाजे चारशे मीटर नदी अशा रीतीने माझ्या वाट्याला आली. ‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या’ हा शब्दप्रयोग सौभाग्यवतीने त्याच आठवड्यात प्रथम वापरला आणि नंतर तो आमच्या घरात मिठासारखा रोज वापरात आला. मला मात्र तो अपुरा वाटतो. लष्कराला भाकरी मिळाली की ते निमूटपणे लढाईला निघून जात असावे. आमचे लष्कर रोज सकाळी पांढरे बूट घालून फिरायला येते आणि भाकरी एका बाजूने करपली आहे, असे थांबून सांगते.

आमचे पथक रविवारी सकाळी साडेसहाला जमते. ५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनी, हातमोजे कमी पडतात इतकी गर्दी होते आणि झाडापेक्षा झाडाला हात लावलेल्या माणसांची संख्या अधिक भरते. पुढच्या रविवारी आम्ही तिघे उरतो : मी, बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियरसाहेब आणि कसल्याशा प्रमाणपत्रासाठी समाजसेवेचे तास भरणारा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी. कॅशियरसाहेब उचललेल्या प्रत्येक बाटलीची वहीत नोंद करतात आणि पोत्यातली संख्या वहीशी जुळली नाही तर पोते पुन्हा ओतायला लावतात. श्रमदानानंतर मिसळ असली की हजेरी वाढते, हे ध्यानात आल्यावर आम्ही मिसळीची घोषणा आदल्या दिवशीच करू लागलो. तेव्हापासून बरीच मंडळी वेळ वाचवण्यासाठी थेट मिसळीच्याच ठिकाणी जमतात.

कामातले सर्वांत अवघड काम पाणवेलींचे. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की त्या पाण्यावर इतक्या दाट बसतात की, एकदा एक कुत्रा त्यावर पाय टाकावा की नाही, या विचारात बराच वेळ काठाशी उभा राहिलेला मी पाहिला आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर ती पोसते आणि सगळे मनाजोगते मिळाले तर दोनएक आठवड्यांत दुप्पट होते. आम्ही फक्त रविवारी काम करतो, ती आठवडाभर करते, एवढ्यावरून निकाल कळावा. आकडा लावलेल्या बांबूने एक पुंजका ओढला की त्याच्यामागे जणू आख्खे गोत्र ओढले जाते. देठाच्या मध्यावर हवेचा फुगा असतो, तो अंगठ्याने दाबला की ओल्या स्पंजासारखा कुरकुरतो. खाली हातभर काळ्या, केसाळ मुळ्या असतात आणि त्यांत गोगलगायी, थर्माकोलचे मणी, कुंकवाच्या पुडीचा कागद अशी मिश्र वस्ती नांदत असते. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, हे मला कंबर धरल्यानंतर कळले. म्हणजे तासभर घाम गाळून मी मुख्यतः गोदावरीचे पाणी काठावर आणीत होतो आणि ते माझ्याच चपलांवरून पुन्हा नदीत जात होते.

त्या मानाने गाजरगवत सोपे, असे मला वाटले होते. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि तेथून देशभर पसरले, यावर नाशिककर म्हणून मी काही टिप्पणी करणार नाही. फुलावर येण्यापूर्वी ते मुळासकट उपटावे लागते आणि हातमोजे नसतील तर पुढचे दोन दिवस खाजवण्यात जातात. या गवताविरुद्ध मी अशी काही आघाडी उघडली की, उत्साहाच्या भरात काठावरच्या खडकांतून उगवलेली अरुंद पानांची झुडपेही उपटून काढली. दोन तासांनी वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका फिरत फिरत आल्या, त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिले आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

‘‘ही शेरणी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुरात वाकते, पण मोडत नाही. खडकांच्या फटीत मुळे रोवून काठ धरून ठेवते. ही कोणी उपटली?’’

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. विद्यार्थ्याने कॅशियरसाहेबांकडे पाहिले. कॅशियरसाहेबांनी वही उघडली आणि तिच्यात माझ्या नावापुढे ‘झुडपे, एकूण २३’ अशी नोंद असल्याचे स्वच्छ आवाजात वाचून दाखवले. त्या प्रामाणिकपणाबद्दल बँकेने त्यांना निरोपसमारंभात घड्याळ दिले होते म्हणे.

तेव्हापासून मी काठावरच्या झुडपांचा कैवारी झालो आणि माझे खरे हाल सुरू झाले; कारण ‘साफ’ या शब्दाचा अर्थ आमच्या बागेत माणसागणिक बदलतो. हास्यक्लबच्या मंडळींना साफ म्हणजे जमिनीवर एकही पान नको असते, आणि झाडलेली पाने ते मोठ्या समाधानाने पेटवून देतात व त्याच धुरात प्राणायाम करतात. एका काकूंना काठावरची सगळी हिरवळ म्हणजे सापांची वसाहत वाटते. एका गृहस्थांना नदीपर्यंत फरशी हवी आहे, म्हणजे चपला न भरता पाण्याचे दर्शन होईल. काठ मातीचा आणि झाडोऱ्याचा असावा, म्हणजे पाणी मुरते, पक्षी टिकतात, हे मी त्यांना उंबराखाली उभा राहून वीस मिनिटे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग फरशी कधीपर्यंत होईल?’’

निर्माल्याचे प्रकरण मात्र मी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतले. पुलाच्या कठड्याला जाळी लावली की निर्माल्य थांबेल, असे ज्यांना वाटते, त्यांनी भाविक माणसाची फेक पाहिलेली नाही. असेच एक तरुण गृहस्थ पुलावर स्कूटर थांबवून, हेल्मेट न काढता हात जोडून, पिशवी जाळीवरून भिरकावण्याच्या पवित्र्यात असताना मी त्यांना गाठले. फुले गंगेत गेली तर हरकत काय, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, फुले एक वेळ जातील, पण पिशवीचे काय? त्यांनी पिशवी उघडून दाखवली. तीत झेंडूचा हार, नारळ, विझलेल्या वाती, उदबत्तीचे रिकामे पुडे आणि काच तडकलेली देवाची तसबीर होती. तसबिरीकडे पाहून आम्ही दोघेही जरा ओशाळलो. मग ते म्हणाले, ‘‘देवाला कचऱ्याच्या गाडीत टाकू का, काका? तुम्हीच सांगा.’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी पिशवी माझ्या हातात ठेवली, मला नमस्कार केला आणि ते निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर पुण्य लाभल्याची कळा होती, आणि बातमी पसरवण्याचा उत्साहही असावा.

निर्माल्याचे उत्तम खत होते, हे खरे आहे. फक्त हारातला दोरा बहुधा नायलॉनचा असतो आणि तो कुजत नाही. त्यामुळे प्रत्येक हार आधी उसवावा लागतो. आमच्या घरी संध्याकाळी मालिका सुरू असताना पूर्वी शेंगा सोलल्या जात. आता हार उसवले जातात. गणेशोत्सवात दुर्वांच्या जुड्यांचा ढीग सोफ्याच्या हातापर्यंत पोहोचतो. सौभाग्यवती एकही शब्द न बोलता दोरा ओढतात, आणि तो ज्या झटक्याने ओढला जातो, त्यावरून त्यांना मला जे काय म्हणायचे ते म्हणून होते.

वर्षभराच्या या कष्टांचा हिशेब नदी पावसाळ्यात एका दिवसात करते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सरकारी आकडा क्युसेकमध्ये येतो, पण नाशिककराला त्यातून काही बोध होत नाही. त्याची मोजपट्टी म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. तो विचारतो, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले? गुडघ्याला आले तर चहा पिऊन निघावे, कमरेला आले तर चहा सोडून निघावे आणि गळ्याला आले तर १९६९ सालचा पूर पाहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, ‘हा काहीच नाही’ असे ऐकून घ्यावे. आमच्या पिढीला तेच २००८, २०१६ आणि २०१९ यांच्याबद्दल म्हणायचे आहे, पण अजून कोणी आमच्या शेजारी बसत नाही.

पूर ओसरल्यावर बागेत गेलो, तर आम्ही लावलेल्या रोपांच्या जागी वरच्या अंगाहून आलेला एक दरवाजा, चौकटीसह, गाळात उभा होता. नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीने मात्र आपली रेषा प्लास्टिकने आखली होती : काठावरच्या प्रत्येक झाडावर, एकाच उंचीवर, फांद्याफांद्यांना पिशव्या अडकून फडफडत होत्या. कॅशियरसाहेबांनी मान वर करून मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, वही मिटली. उपटायची राहून गेलेली शेरणीची चार झुडपे तेवढी आडवी होऊन जागच्या जागी होती. प्राध्यापिकाबाईंनी ती मला मुद्दाम नेऊन दाखवली.

त्या पुरात बागेतला एकुलता एक दिवा गेला. संध्याकाळी पायऱ्या दिसेनात, म्हणून मी अर्ज केला. ज्या कचेरीत केला, तिने कळवले की बाग त्यांची आहे, परंतु खांब दुसऱ्या कचेरीचा आहे. दुसरीने कळवले की खांब त्यांचा आहे, परंतु तो ज्या काठावर उभा आहे तो तिसरीचा आहे. तिसरीत एक सज्जन कारकून भेटले. त्यांनी मला पाणी दिले, अर्ज वाचला आणि प्रेमाने म्हणाले, ‘‘एवढी घाई कशाला? आता कुंभात होऊनच जाईल.’’ मागचा सिंहस्थ २०१५ साली झाला आणि पुढचे स्नान २०२७ मध्ये आहे. गुरू सिंह राशीत आल्याशिवाय नाशिकमध्ये कुंभमेळा भरत नाही, हे मला ठाऊक होते. दिव्याचा बल्बही बदलत नाही, हे नव्याने कळले.

शेवटी दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्जाचे काय झाले ते विचारले. तीस दिवसांची मुदत संपायच्या आत एके दुपारी फोन आला. पलीकडचा आवाज अत्यंत अदबशीर होता. नदीकाठच्या एका बागेतील दिवा बंद असल्याबद्दल कोणा नागरिकाची तक्रार आली आहे, तेथे आपण सेवाभावाने काम करता असे समजले, तरी आपण समक्ष पाहणी करून छायाचित्र पाठवावे, अशी विनंती त्याने मला केली. तो नागरिक मीच, हे सांगण्याचा मी प्रयत्न केला. त्यावर, ‘‘मग तर फारच सोयीचे झाले, साहेब,’’ असे तो मनापासून म्हणाला.

दिवा लागत नाही हे रात्रीच दिसणार, म्हणून मी रात्री साडेआठला गेलो, चाचपडत पायऱ्या उतरलो आणि खांबाची तीन छायाचित्रे काढून पाठवली. पंधरा दिवसांनी लेखी उत्तर आले : ‘प्राप्त छायाचित्रांचे अवलोकन केले असता त्यांत कोणताही दोष दिसून येत नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ मी छायाचित्रे पुन्हा उघडून पाहिली. तिन्ही काळीकुट्ट होती. कोणताही दोष खरोखरच दिसत नव्हता.

काल सकाळी पांढऱ्या बुटांतले ते दोघे गृहस्थ बाकावर बसले होते. त्यांनी मला हात करून बोलावले.

‘‘काका, तुमच्या बागेतला दिवा बंद आहे बरेच दिवस. कोणी पडेल पायऱ्यांवरून. कधी लावताय?’’

‘‘कुंभात होईल,’’ मी म्हणालो आणि बाकाखालचे पाकीट उचलले.