डिस्कवालाच घे, ताई

परवा रात्री नेरुळहून ताईचा फोन आला. भाचा बारा वर्षांचा झालाय, वर्षभर मागे लागलाय, आणि शेवटी घरात पीएसफाइव्ह, म्हणजे सोनीचं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, घ्यायचं ठरलंय. "दुकानदार म्हणतो डिजिटलवाला घ्या, स्वस्तात पडेल, हल्ली सीडी कोण लावतं. तू सांग बाई, तुला यातलं कळतं." डिजिटलवाल्यात डिस्क टाकायची सोयच नसते, सगळे गेम डाउनलोड करायचे. मी एका वाक्यात सांगितलं, डिस्कवालाच घे. कारणं सांगता सांगता मात्र अर्धा तास गेला. हाच प्रश्न बऱ्याच घरांत पडत असणार, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएसफाइव्ह आपल्याकडे आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० होती आणि डिजिटलची ३९,९९०. आता किमती बदलल्यात, पण दुकानात अजून हेच ऐकवतात, की उगाच जास्त पैसे कशाला घालता. माझं म्हणणं असं की ते पैसे वाचतच नाहीत. सोनीच्या मोठ्या नव्या गेमला पाच हजारांच्या आसपास मोजावे लागतात. गेम डिजिटल घेतला की तो तुमच्या अकाउंटला कायमचा चिकटला. खेळून संपला तरी विकता येत नाही, मित्राला चार दिवस देता येत नाही. शिवाय डिजिटलवाल्या मशीनसाठी गेमचं दुकान एकच, सोनीचं, म्हणजे भावही तेच ठरवणार. सेल लागेपर्यंत वाट बघणं एवढंच आपल्या हातात.

याउलट माझा गेल्या वर्षीचा हिशेब सांगते. वाशी स्टेशनबाहेर एका मुलाकडून २,४०० ला एक डिस्क घेतली. दीड महिना रात्री जेवणं आटोपल्यावर खेळले, पन्नासेक तास झाले असतील, आणि तीच डिस्क ठाण्यात १,९०० ला दिली. खर्च पाचशे रुपये. भाचा वर्षाला असे चार-पाच गेम खेळला तरी वरचा फरक केव्हाच भरून निघेल. आणखी एक गोष्ट दुकानदाराने ताईला सांगितलीच नाही. पीएसफोरच्या, म्हणजे याच्या आधीच्या मशीनच्या, जवळजवळ सगळ्या डिस्क पीएसफाइव्हवर चालतात, आणि त्या आता फार कमी पैशांत मिळतात. पहिलं वर्षभर त्याला नवा गेम घेऊन द्यायची गरजही नाही.

ताईला मी ठाण्यात नौपाड्यातल्या त्या दुकानाची आठवण करून दिली. नव्वदच्या दशकात, मे महिन्याच्या सुट्टीत, आम्ही दोघी आमची टीव्ही गेमची कॅसेट घेऊन तिथे जायचो. आपली कॅसेट द्यायची, वर वीस रुपये ठेवायचे आणि दुसरी न्यायची. काका कॅसेट उलटी करून पट्ट्यांवर फुंकर मारायचे, मशीनमध्ये बसवायचे, स्क्रीनवर चित्र आलं की मगच हो म्हणायचे. एका सुट्टीत आम्ही नऊ-दहा गेम खेळलो आणि बाबांनी विकत घेतलेली कॅसेट एकच होती. हातात वस्तू होती म्हणूनच ते जमलं.

आता कुठला गेम घ्यायचा, कुठला ठेवायचा. दरवर्षी नव्या आकड्याने येणारे खेळांचे गेम, म्हणजे फुटबॉलचा आधीचा फिफा आणि २०२३ पासूनचा ईए एफसी, नवे कोरे घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. सप्टेंबरात पुढचा आला की जुन्याला कुणी विचारत नाही. भाच्याला हवाच असेल तर मागच्या वर्षीचा घ्यावा. गोष्ट सांगणारे मोठे गेम घ्यावेत, पण लवकर संपवावेत आणि भाव टिकून आहे तोवर विकावेत. नवीन गेमवर पहिल्या दिवशी उडी मारू नये. सायबरपंक हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला, पीएसफोरवर इतका बिघडलेला होता की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. तोच गेम सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर पीएसफाइव्हवर खरोखर सुंदर झाला. जे थांबले त्यांना कमी पैशांत जास्त चांगला गेम मिळाला.

फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमवर मात्र एक रुपयाही घालू नये. द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ चा. मार्च २०२४ च्या अखेरीस त्याचे सर्व्हर बंद केले, आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम गेला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा. डिस्कवर पूर्ण गेम असतोच असंही नाही. कॉल ऑफ ड्यूटी या लढाईच्या गेमच्या २०२२ च्या पीएसफाइव्ह डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड. म्हणून घेण्याआधी डिस्कवर पूर्ण गेम आहे का, एवढं शोधावंच.

सेकंडहँड घेताना मी एकदा फसलेय. जादा भाग असलेली महागडी आवृत्ती म्हणून डिस्क घेतली, पाकिटात ते जादा भाग उघडायच्या कोडचा कागदही होता. घरी येऊन टाकला तर कोड आधीच वापरलेला, आणि विकणाऱ्याचा फोन बंद. तेव्हापासून कोडचे पैसे मी धरतच नाही, फक्त डिस्कचे देते. डिस्क मोबाइलच्या टॉर्चखाली तिरपी धरून बघते. या डिस्क ब्लू-रे प्रकारच्या, आणि ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीत तो ०.६ वर असायचा. वरचा लेप कडक असतो, रोजच्या हाताळणीने काही होत नाही. पण नख अडकेल असा ओरखडा असेल तर घेऊ नये, ती डीव्हीडीसारखी पॉलिश करून सुधारत नाही.

एका बाबतीत मी डिजिटलच घेते, आणि पूर्ण किमतीला. छोट्या टीमचे गेम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी नावाचा गेम आणला, भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. सेकंडहँड डिस्कमधून बनवणाऱ्यांना काहीच मिळत नाही, आणि आपल्या शेजारच्या शहरात कुणी इतकं देखणं काम करत असेल तर त्यांचे पैसे त्यांना पोचलेच पाहिजेत.

न विकण्याचे गेम माझ्या कपाटात दोनच आहेत. घोस्ट ऑफ त्सुशिमा, कारण थकून आले की मी त्यात नुसती घोडा घेऊन गवतातून फिरते. आणि इट टेक्स टू. तो एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतातच. गेल्या गणपतीत ताई ठाण्याला आली होती तेव्हा आम्ही दोघी पहाटे तीनपर्यंत बसलो होतो. मे महिन्यातल्या त्या दुपारींनंतर पहिल्यांदाच.

ताईने डिस्कवाला बुक केलाय, दुसरा कंट्रोलरही घ्यायला लावलाय. रविवारी सकाळी ट्रान्सहार्बरने नेरुळला निघतेय, इट टेक्स टू पर्समध्ये आहे. नेरुळ-सीवूड्सकडे कुणाकडे पीएसफोरचे लहान मुलांना चालतील असे गेम पडून असतील तर कमेंटमध्ये सांगा, स्टेशनवर येऊन घेऊन जाईन.